सातवा तुकडा

इस्मेनिया बार्रियाने सगळी नोकरी दुसऱ्यांचे निरोप वाचण्यात घालवली. चिलोए बेटाच्या रेडिओवर ती दुपारी बसायची आणि लहान बेटांवरच्या लोकांना सांगायची: आईचं ऑपरेशन नीट झालं, उद्याच्या बोटीने येतोय, धक्क्यावर घोडा पाठवा. दोन ओळींच्या वर निरोप जायचा नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर गावच्या ग्रुपवर लिहायला लागली तेव्हा तिने हात सैल सोडला. रविवारी शेगडीत लाकडं सारायची, माते नावाचा कडू चहा प्यायची आणि लांबलचक पोस्ट लिहायची. कुणाची बोट, कुणाचं भांडण, कुणाची म्हातारी, सगळं त्यात असे. लोक शेवटपर्यंत वाचतात, असं ती धरून चालली होती.

शेजारीच राहणारी तिची भाची यास्ना तिला सारखी टोकायची.

"आत्या, एवढं वाचायला कुणाला सवड आहे? थ्रेड कर. छोटे तुकडे, एकाखाली एक."

"म्हणजे एखादा तुकडा उचलून न्यायला सोपा."

"कोण नेणार आहे गं?"

"तेच तर कळत नाही ना."

थ्रेड म्हटलं की इस्मेनियाला बाजारातला बटाटेवाला आठवे. वरचे चार गोमटे दाखवतो आणि पोतं उघडू देत नाही. प्रत्येक तुकडा नेमका अशा जागी तोडलेला की माणसाने पुढचा उघडलाच पाहिजे, आणि नाही उघडला तर जे हाती लागलं तेच खरं.

त्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं आणि एर्नाल्दोची बोट धक्क्यावरून सुटून खडकांवर फुटली. मासे धरायच्या जागेवरून त्याचं आणि रोसेंदो कार्कामोचं जुनं वाकडं होतं. साहजिकच कुजबुज सुरू झाली. इस्मेनियाने पुढच्या रविवारी सगळं वादळ लिहून काढलं. तिची आजवरची सगळ्यात मोठी पोस्ट ती.

आठवडा गेला आणि रोसेंदोने तिच्याकडे बघणं सोडलं. रस्त्यात समोरून आला की पलीकडच्या कडेला जाई. दुकानात मात्र एर्नाल्दोच्या बायकोने तिचा हात दाबला.

"बरं झालं बाई, कुणीतरी लिहिलं."

"काय लिहिलं?"

तिने फोन पुढे केला. कुण्या अनोळखी नावाने तीनच वाक्यं टाकली होती: 'वारा उठायच्या आधी रोसेंदो कार्कामो एकटाच धक्क्यावर होता. मी खिडकीतून पाहिलं. एर्नाल्दोच्या बोटीचा दोर त्याच्या हातात होता.' वाक्यं इस्मेनियाचीच होती. खाली तिचं नावही होतं.

घरी येईपर्यंत तिने निम्मं गाव संशयाखाली घेतलं होतं. मग एकाएकी आठवलं, मागल्या आठवड्यात फोन 'नीट करते' म्हणून कोण घेऊन गेलं होतं? ती तशीच यास्नाकडे गेली. यास्ना मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी बटाटे किसत होती.

"माझी पोस्ट तू तोडलीस?"

यास्नाने किसणी खाली ठेवली. "हो. माझ्या नावावर थ्रेड केला. पण एक शब्द गाळला नाही, आत्या. हा बघ. कुणीतरी फक्त सातवा तुकडा उचलला."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

इस्मेनियाचा विश्वास बसेना. चष्मा लावून तिने एकेक तुकडा आपल्या पोस्टशी ताडून पाहिला. काहीच गाळलेलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. रोसेंदो दोर आवळत होता, पाणबुड्याने वर काढलेली एर्नाल्दोची बोट बांधायची साखळी गंजून तुटलेली निघाली, हे सगळं होतं. पण पार खाली. तिथवर फारसं कुणी पोचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रोसेंदोच्या अंगणात उभी राहिली. तो लाकडं फोडत होता.

"मी पूर्ण पोस्ट वाचून दाखवायला आलेय."

"मला वाचता येतं."

"तरी ऐक."

त्याने कुऱ्हाड टेकवली आणि ऐकलं. तिचा रेडिओवरचा आवाज अजून तसाच होता. संपल्यावर तो म्हणाला, "म्हणजे दोर माझ्या हातात आहे ते आधी, आणि का आहे ते एवढ्या खाली. मधे केवढं वादळ घातलंस."

"गोष्ट रंगावी म्हणून."

"माझ्या जिवावर." त्याने फोडलेलं लाकूड बाजूला सारलं. "तुलाही वाटलं होतं ना, मीच सोडली म्हणून?"

इस्मेनियाने फोन खिशात घातला. "साखळी वर काढेपर्यंत वाटलं होतं."

"दिसतंय लिहिण्यात," तो म्हणाला आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.

संध्याकाळी तिने ग्रुपवर टाकलं: 'रोसेंदो कार्कामोने बोट सोडली नाही. ती वाचावी म्हणून तो दोर आवळत होता. साखळी गंजली होती.' तोडायला त्यात काही ठेवलंच नाही. यास्नाने ते पुढे पाठवलं. पहिल्यासारखं ते काही पसरलं नाही, पण दुकानात लोक रोसेंदोशी पुन्हा बोलू लागले.

सातवा तुकडा उचलणारं ते अनोळखी नाव दोन-चार दिवसांत नाहीसं झालं. आपली साखळी गंजलीय हे एर्नाल्दोला आधीपासून ठाऊक असणार, असं इस्मेनियाला वाटतं. पण पुरावा नाही, म्हणून ती ते लिहीत नाही. यास्नाला फोन मात्र पुन्हा दिला नाही.

रविवारी ती अजूनही लांबच लिहिते, फक्त पोस्ट टाकण्याआधी ज्याच्यावर लिहिलंय त्याला वाचायला देते. वसंतात धक्क्याच्या दुरुस्तीवर लिहिलं, त्यात रोसेंदोचं नाव होतं, म्हणून त्याच्याकडे गेली. त्याने दारातच उभं राहून सगळं वाचलं, बोटाने मजकूर वर सरकवत नेला आणि तो सरकायचा थांबल्यावरही आणखी एकदा ढकलून पाहिला.

"याच्या खाली अजून काही आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने फोन परत दिला नाही. सुरुवातीपासून पुन्हा वाचायला घेतलं.