पेरलेल्या चुका

आमच्या ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. प्रोग्राम लिहायची कुठली पद्धत बरी, कुठलं साधन चुका नीट पकडतं, हे मोजून सांगायचं, एवढंच तिचं काम. शेजारच्या टेबलावर मी, प्रोग्राम तपासणारी. नवं काही बाजारात आलं की आमच्या साहेबांचं आपलं 'हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी'! आणि ही बया शांतपणे विचारायची, "मोजलंय का कुणी?" साहेबांच्या कपाळावर आठी ठरलेली.

तिची पद्धत मोठी इरसाल होती. प्रोग्राममध्ये ती स्वतःच गुपचूप चुका पेरायची. त्यातल्या किती सापडल्या, त्यावरून साधनाची लायकी ठरायची. कुठे काय पेरलंय ते तिलाच ठाऊक. मलासुद्धा ताकास तूर लागू द्यायची नाही. मोजणी झाली की आपल्या हातानं सगळ्या काढून टाकायची.

त्या सकाळी ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. इकडे नव्या साधनानं निकाल दिला: चुका शून्य. साहेब इतके खूश झाले की सलाइन यंत्रांचा जो प्रोग्राम तपासायला घेतला होता, तो त्यांनी तडक हॉस्पिटलला पाठवूनच दिला. मेलं, मलाही बरंच वाटलं! त्यात तिनं आधीच काही पेरून ठेवलंय, हे आमच्या गावीही नव्हतं.

दुपारी ती आली. मी हौसेनं बातमी सांगितली, तर तिचा चेहरा पांढराफटक.

"शून्य कसं येईल गं? निदान मी पेरलेल्या तरी सापडायला हव्या होत्या!"

मी धावत जाऊन साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "आधी खात्री करू, उगाच बोंबाबोंब नको." ती त्यांच्याशी वाद घालायलाही थांबली नाही. हॉस्पिटलचा नंबर मीच लावला आणि फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला.

वॉर्डातल्या सिस्टरनं फोन घेतला. "हो, यंत्रांवर नवा प्रोग्रामच चालू आहे. कोपऱ्यातल्या आजोबांच्या औषधाचा वेग मघाशीच कमी केला. पडद्यावर आकडा अगदी बरोबर दिसतोय."

"सिस्टर, पडद्याकडे बघू नका! तिथे आकडा बदलतो, पण यंत्र जुन्याच वेगानं चालतं. ती चूक मी घातलीय. नळीतले थेंब मोजा... नको, नको, मोजत बसू नका, आधी बंद करा!"

पलीकडे रिसीव्हर आपटला. धावती पावलं ऐकू आली, मग कुणाला तरी मारलेल्या हाका. मी तिचा हात घट्ट धरला.

"बंद केलं," सिस्टर धापा टाकत म्हणाली. "पण आजोबा हाकेला ओ देत नाहीयेत."