पडद्यावरच्या सासूला सून हवी

कोथरूडच्या मंडईत वेणूबाईंनी मेथीची जुडी उचलली की शेजारची एखादी पन्नाशी उलटलेली बाई अजूनही अर्धं पाऊल मागं घेते. मग चष्म्यातून निरखून बघते आणि विचारते, "अहो, तुम्ही त्याच ना?"

"त्याच," वेणूबाई म्हणतात. "पण मेथी माझी मीच निवडते. सुनेला लावत नाही."

लावायला सून नव्हतीच, हे खरं दुखणं. मुलगा योगेश तेहेतिशीला टेकला होता. आयटीतली नोकरी, स्वतःचा फ्लॅट, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. स्थळं यायची, मुलीला मुलगा पसंत पडायचा, आणि मुलीच्या आईला कळायचं की मुलाची आई कोण. मग पत्रिका जुळायची नाही. एका घरानं तर पत्रिका मागितलीच नव्हती, तरी जुळली नाही.

याचं मूळ ब्याण्णव सालात आहे. त्या साली 'धाकटीचं घर' नावाचा सिनेमा आला आणि तांबट आळीतली वेणू रातोरात अख्ख्या महाराष्ट्राची सासू झाली.

तांबट आळी म्हणजे कसब्यातली तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची आळी. वेणूबाईंचा जन्म तिथला. सकाळपासून हातोड्यांची ठाकठूक. तिथं माणूस बोलायचा तो दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. अर्धं वाक्य टाकायचं, ठोका जाऊ द्यायचा, मग उरलेलं टाकायचं. आणि जे टाकायचं ते खणखणीत, नाहीतर समोरच्याला ऐकूच यायचं नाही. कानगोष्ट नावाची गोष्ट त्या आळीत कुणाला ठाऊकच नव्हती. लग्न होऊन वेणूबाई दोन गल्ल्या सोडून रंगरावांच्या घरी गेल्या, पण दुपारची वडिलांच्या दुकानावरची बैठक काही सुटली नाही.

अशाच एका दुपारी एक सिनेमावाला दिग्दर्शक शूटिंगसाठी घंगाळं आणि हंडे भाड्यानं न्यायला आला. वेणूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भाड्यानं न्या," त्या म्हणाल्या. मग ठोका पडेपर्यंत थांबल्या. "पण पोचा पाडून आणलात..." आणखी एक ठोका. "...तर मी आहे."

दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. जरा सावरून तो म्हणाला, "बाई, सिनेमात काम कराल?"

"आधी हंड्यांचं बोला."

रंगराव महापालिकेत कारकून होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कर की. घरात फुकट करतेसच." वेणूबाई तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या आणि सासू होती पंचावन्नची. कानाशेजारी पांढरा रंग फासला, कपाळावर कुंकवाचा रुपया ओढला, झालं. नायिका त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. कॅमेरा बंद झाला की तीच म्हणायची, "वेणू, बस गं, दमलीस."

ज्या प्रसंगानं सगळं केलं तो आहे स्वयंपाकघरातला. नवी सून भाजीला फोडणी द्यायला तेल घेते. सासू मागून येते. पळी काढून घेते, डब्याचं झाकण लावते, कडीत छोटंसं कुलूप अडकवते आणि चावी कमरेला खोचते. मग विचारते, "तेल... माहेरून आणलंयस?"

स्टुडिओत हातोडा नव्हता, पण 'तेल' म्हणून झाल्यावर वेणूबाई सवयीनं ठोक्यासाठी थांबल्या. ठोका काही आला नाही. त्या शांततेत नायिकेच्या हातातलं चिरलेल्या भाजीचं ताट खरोखरच थरथरलं. "कट" म्हणायचं दिग्दर्शक विसरला.

सिनेमा लागला. पोस्टरवर सुरुवातीला नायिका मोठी आणि सासू कोपऱ्यात होती. लोक दुसऱ्यांदा यायला लागले तसं थिएटरवाल्यांनी नवं पोस्टर काढलं, त्यात निम्म्या जागेत नुसते वेणूबाईंचे डोळे. बसस्टॉपवर कॉलेजची पोरं एकमेकांना "तेल... माहेरून आणलंयस?" विचारायची. साताऱ्याकडं एका सत्कारात हार घालायला आलेल्या म्हातारीनं हार घातला आणि वर पाठीत एक धपाटा घातला. पुढच्या वर्षी योगेश झाला तेव्हा नर्स बाळ त्यांच्या हातात द्यायला बिचकत होती. वेणूबाई म्हणाल्या, "घाबरू नका, मुलगा आहे. सुनेला अजून वेळ आहे."

नंतर कामं पुष्कळ आली, सगळी सासूचीच. कुठं विळा, कुठं चाबूक, एकात तर विंचू. लोकांना मात्र तेच कुलूप हवं होतं. कंटाळून वेणूबाईंनी बंद केलं. सिनेमा काही बंद होईना. सुट्टीच्या दुपारी कुठल्या ना कुठल्या चॅनलवर तो लागतोच, आणि वेणूबाई भाजी निवडत तो बघतातही. आवडतं त्यांना स्वतःचं काम. का आवडू नये?

तर योगेशला अखेर सृष्टी भेटली, त्याच्याच ऑफिसात. मुलगी मनमोकळी. पहिल्याच भेटीत म्हणाली, "काकू, एक रील करू ना आपण, तेलाच्या डब्याची!" वेणूबाई तिथंच विरघळल्या. पण सृष्टीनं पुढं हळूच सांगितलं, "फक्त माझ्या आईला एवढ्यात सांगायचं नाही हं. ती टीव्हीवर तुमचा सिनेमा लागला ना, की रिमोट माझ्या हातात देते आणि उठून जाते."

सृष्टीचं घर विश्रांतवाडीत. वडील शंभूराव कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. आई इंदुबाई. मूळची मंडळी दर्यापूरकडची. पुण्यात तीस वर्षं काढली, तरी इंदुबाईंची वऱ्हाडी बोली जशीच्या तशी.

भेटायला जायचं ठरलं तसा योगेश आईच्या मागं लागला. "आई, प्लीज, साधा ड्रेस घाल. टिकली बारीक लाव. चष्मा काढू नकोस. आणि हळू बोल. अँड नो पॉज."

"पॉज म्हणजे?"

"ते तू मध्येच थांबतेस ना. लोक टेन्शनमध्ये येतात."

रंगराव पेपरामागून म्हणाले, "तोंडाला पदर लावून ने. नाहीतर सरळ मुकी आहे म्हणून सांग."

वेणूबाईंना लागलं. ज्या कामानं नाव झालं ते चोरीच्या मालासारखं लपवायचं. पण मुलाचा चेहरा बघून त्यांनी बारीक टिकली लावली.

रंगरावांसकट तिघं विश्रांतवाडीच्या घरी पोचले तेव्हा इंदुबाईंनी हौसेनं सांबारवडी तळली होती. तिकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. खुसखुशीत वड्यांनी ताटं भरली. "घ्या बाप्पा, लाजू नोका. काऊन थांबले?" करत त्या आग्रह करत होत्या. सगळं छान चाललं होतं.

अडचण एकच होती. वेणूबाईंना हळू बोलता येत नव्हतं. जन्मात एकदाच त्या हळू बोलल्या होत्या, सिनेमाच्या सुरुवातीला, सासू मुलगी बघायला जाते त्या प्रसंगात. आता हळू बोलायचं म्हटल्यावर गळ्यातून तोच आवाज निघाला. आणि आवाजाच्या पाठोपाठ, त्यांच्याही नकळत, वाक्यही तेच आलं.

"काही काळजी करू नका," त्या मधाळ सुरात म्हणाल्या. "सून नाही, लेक म्हणूनच नेते मी."

इंदुबाईंचा वड्यांचा झारा हातातच राहिला. "मी ऐकलं हाय हे," त्या पुटपुटल्या. "अस्संच. याच आवाजात." त्या पुढं झाल्या, वेणूबाईंच्या चष्म्याआड बघितलं आणि ओरडल्या, "सृष्टे! थे बाई हाय हे! थे तेलवाली!"

"आई, ॲक्टिंग होती ती," सृष्टी म्हणाली.

"तुले मालूम होतं?" इंदुबाईंनी लेकीकडं रोखून बघितलं. मग त्या वेणूबाईंकडं वळल्या. "तुमची ॲक्टिंग झाली वो. माहं काय झालं? नवी नवरी होतो मी. सासूनं दर्यापूरच्या टाकीजमधी नेलं मले. मी रडू रडू अर्धी झालो, अन् बुढी डोये फाडून पाहे. दुसऱ्या दिवशी बजारातून कुलूप घेऊन आली. तेलाच्या डब्याले! तोपर्यंत तिले सुचलं नोतं थे. तुम्ही शिकवलं. ह्या पोरीच्या टाळूवर घालाले बोटभर तेल पाह्यजे, तं मागाव लागे मले. अन् आता पोरगीही तुमाले देऊ?"

शंभूराव वडी चावायचे थांबले.

वेणूबाईंनी आजवर शिव्या ऐकल्या होत्या, धपाटे खाल्ले होते आणि त्याला टाळ्याच समजल्या होत्या. हे असलं कधी कुणी सांगितलं नव्हतं. योगेश "आई, निघू या" अशी खूण करत होता. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"इंदुबाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज आता त्यांचा स्वतःचा होता. खिडकीची काच थरथरली. "ते कुलूप सिनेमावाल्यांनी लिहिलेलं नव्हतं. सासूनं डबा उचलायचा आणि जायचं, एवढंच होतं. कुलूप मी घातलं."

"पाहा! स्वतःच्या तोंडानं सांगते!"

"माझ्या सासूचं होतं ते. आमच्याकडं साखरेच्या डब्याला असायचं."

रंगराव दचकले. "आपल्याकडं? मला कधी दिसलं नाही."

"तुमच्या चहात साखर असायची. तुम्हाला कशाला दिसेल?" वेणूबाई त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या. "इंदुबाई, मला वाटलं, पडद्यावर दाखवावं. चारचौघांत बघून सासूबाई लाजतील, कुलूप काढतील. मी स्वतः त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. सिनेमा संपला, घरी आलो, पाणी प्यायल्या, आणि काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, 'चावी डाव्या बाजूला खोचतात.'"

इंदुबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी तो आवरला. "अन् कुलूप?"

"राहिलं की. त्या जाईपर्यंत राहिलं. एक कुलूप निघावं म्हणून केलं मी... आणि तुमच्याकडं एक वाढलं. हे मला आज कळलं." त्या थांबल्या, पण या थांबण्याची कुणाला भीती वाटली नाही. "मुलगी द्यायची नसेल तर देऊ नका. पण त्या बाईला बघून नाही म्हणू नका. मी इथं बसलेय, मला बघा. मग नाही म्हणा."

इंदुबाईंनी बघितलं, बराच वेळ. बारीक टिकली, घामानं पुसली गेलेली. हातात वडी तशीच.

"तुमची गेली म्हन्ता," त्या हळूच म्हणाल्या. "माही हाय अजून. गावाले. पंच्याऐंशीची. दात सगळे पडले, पन मत तसंच हाय." मग नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, लावा बुढीले फोन. नातीच्या लग्नाचं हाय, तिले विचाराव लागन."

शंभूरावांनी फोन लावून टीपॉयवर ठेवला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून खोकला ऐकू आला.

"माय, सृष्टीले पाव्हने आले," शंभूराव म्हणाले. "पोरगा चांगला हाय. त्याची माय सिनेमातली हाय. थे, तेलाच्या डब्याले कुलूप लावे, थे."

पलीकडचा खोकला थांबला. मग म्हातारी कडाडली, "थे? ना बापा! अजिबात देऊ नोका पोरगी! लय कजाग बाई हाय थे! सुनेच्या हातचं तेल काढून घेते. असं करते का कोनी मानूस? देवाले तं भ्याव! माह्या नातीचे हाल करन थे. नाई म्हना!"

शंभूरावांनी डोळे मिटून घेतले. सृष्टीनं कपाळाला हात लावला. इंदुबाई मात्र पदराचा बोळा तोंडात धरून गदागदा हलत होत्या. रडतायत की काय, म्हणून वेणूबाई उठल्या. जवळ गेल्यावर कळलं की बाई हसतेय, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी गळतंय. वेणूबाईंनाही मग आवरेना. दोघी एकमेकींचे दंड धरून हसत राहिल्या, आणि फोनमधून म्हातारी "कोन हासून राह्यलं? काय झालं वो?" विचारत राहिली.

इंदुबाईंनी हात लांब करून फोन बंद केला. डोळे पुसले.

"ऐकलं ना?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बुढीनं नाई म्हनलं. आजपावतो तिचं हाव मानलं मी, तिचं नाईही मानलं. यावेळी नाई मानत."

"म्हंजे?" शंभूराव म्हणाले.

"म्हंजे देतो मी पोरगी."

योगेश सृष्टीकडं बघत राहिला. रंगरावांनी न विचारता आणखी एक वडी उचलली. शंभूराव मात्र फोनकडं बघत तसेच बसून होते.

"पन मायले सांगन कोन?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगसान," इंदुबाई झारा घेऊन आत जाता जाता म्हणाल्या. "तुमची माय हाय. मी पाव्हन्यायले वड्या तळून राह्यलो."