वऱ्हाडाच्या टेकडीवरचे रविवार

भटकणाऱ्या लोकांकडे फोटो साचतात. आमच्या टोळीत कॅमेरा एकच होता आणि त्याची बॅटरी बहुतेक वेळा घरी चार्जिंगला लावलेली असायची. त्यामुळे आमच्याकडे किस्से साचले. आता टोळीतले आपटे सर मुलाकडे पुण्याला गेलेत आणि रफिकभाईंची सुमो विकली गेलीय. दर वेळी फोन झाला, की एखादा जुना किस्सा नव्याने निघतो आणि निम्मा तास जातो. म्हटलं, लिहून ठेवावेत.

मी पनवेलची. पण शाळा लांबच्या बोर्डिंगमध्ये आणि कॉलेज त्याहून लांब, स्कॉटलंडमध्ये झालं. विषय भूगर्भशास्त्र. तिथे लाव्ह्याने बनलेल्या दगडी खांब लोक रांगा लावून बघायला येतात, तिकीट काढतात, खालच्या आवाजात बोलतात. आणि मला आठवायचं, की असेच खांब आमच्या कोन गावाच्या पलीकडे एका टेकडीवर उभे आहेत आणि त्यांना शेळ्या पाठ घासतात! २००८ साली नोकरी नाकारून परत आले, ती त्या टेकडीसाठी. हे तेव्हा घरी सांगायची हिंमत नव्हती.

तिला वऱ्हाडाची टेकडी म्हणतात. मालक हिराजीदादा. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी डिग्री नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "दगड शिकाया एवढ्या लांब गेलाव? ताई, आमच्याकडं आला असताव तर जेवनासकट शिकवलं असतं!"

*

आपटे सर निवृत्त जीवशास्त्राचे शिक्षक. कर्नाळ्याच्या अभयारण्यात शिरलं, की त्यांचा एकच नियम असे: बोलायचं नाही. काही झालं तरी बोलायचं नाही. "पक्षी आपल्या घरी येत नाहीत, आपण त्यांच्या घरी आलोय!"

रफिकभाई वीस वर्षं कुवेतला राहून आलेले. बाजारात त्यांचं कपड्यांचं दुकान. जंगलाचा अनुभव शून्य, पण शिस्त पक्की. एकदा सर दुर्बिणीला डोळे लावून एका झाडाखाली उभे होते. रफिकभाईंनी हळूच खिशातून पावतीपुस्तक काढलं, काहीतरी लिहिलं, पान फाडलं आणि सरांच्या हातात दिलं.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'सर, आपल्या उजव्या पायाजवळ साप आहे. आपला, रफिक.'

सरांनी चिठ्ठी वाचली. खाली बघितलं. पेन मागितलं. त्याच कागदावर खाली लिहिलं, 'धामण आहे. बिनविषारी. धन्यवाद.' आणि पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली.

*

प्रबळगडाच्या माचीवर आम्ही दर पावसाळ्यानंतर जायचो. समोर कलावंतिणीचा सुळका, खाली गाढेश्वर धरणाचं पाणी. कड्याकडे बोट दाखवून मी लाव्ह्याचे थर मोजायला लावायचे. "हा एक उद्रेक, हा दुसरा, मधली लाल पट्टी म्हणजे मधला विश्रांतीचा काळ..." रफिकभाई नवव्या थराला म्हणाले, "बेटा, त्यांनी विश्रांती घेतली, मग आपणही घेऊ या का?"

तिथेच एकदा मुंबईचं एक कुटुंब धापा टाकत वर आलं. त्यातल्या गृहस्थांनी रफिकभाईंना विचारलं, "यहाँ व्ह्यू पॉइंट किधर है?"

रफिकभाई शांतपणे म्हणाले, "साहब, आप उसी पे खड़े हैं. बस, मोबाइल से मुँह ऊपर कीजिए."

*

आता खरी गोष्ट. त्या वर्षांत आमच्या भागातल्या टेकड्या गायब होत होत्या. सुकापूरकडे बिल्डिंगा उठत होत्या, रस्ते रुंद होत होते, सगळ्यांना खडी हवी होती. दुपारी सुरुंग उडाला, की हिराजीदादांच्या पडवीतल्या कपबश्या वाजायच्या. त्यांच्या शेजारची टेकडी गणपतीला होती आणि होळीला नव्हती. आम्ही ती जागा बघायला गेलो. सर नियम नसताना गप्प होते.

आणि पुढचा नंबर वऱ्हाडाच्या टेकडीचा होता. खाणवाल्या शेठचा माणूस गावात येऊन गेला होता. दादांचे दोन्ही भाऊ, मधला धर्मा आणि धाकटा महेश, तयार होते. अडलं होतं फक्त दादांच्या सहीवर. आणि दादा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. विचारलं, की म्हणायचे, "बघू."

'बघू' या शब्दावर मी दोन वर्षं नीट झोपले नाही.

*

मग मी ठरवलं, गाव जागं करायचं! देवळाच्या सभामंडपात प्रोजेक्टर लावला. पांढरी चादर सरांनी घरून आणली. अख्खा गाव आला. मी तळमळीने बोलले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटली, लाव्हा वाहिला, थंड होताना त्याला तडे गेले आणि हे खांब झाले. शेवटचा फोटो येईपर्यंत कोणी उठलं नाही. मला वाटलं, जिंकले!

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींनी हात वर केला. "पोरी, तवा आमची शेती कुठं होती?"

"आजी, तेव्हा शेती नव्हती. माणूसच नव्हता."

आजींनी थोडा विचार केला. "मंग सातबारा कोनाच्या नावावर होता?"

सगळा सभामंडप माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेने बघायला लागला. लाव्ह्यावर एकही प्रश्न आला नाही. सातबाऱ्यावर पाऊण तास चर्चा झाली.

*

शेवटचा उपाय म्हणून मी माझ्या स्कॉटलंडच्या प्रोफेसरांना पत्र लिहिलं. ते भारतात येणारच होते, एक दिवस पनवेलला उतरले. रफिकभाईंनी सुमोवर नवं कव्हर चढवलं. टेकडीवर पोचल्यावर प्रोफेसर खांबांसमोर उभे राहिले, एकावर तळहात टेकवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दादांच्या बायकोने, जनाबाईंनी, मला बाजूला घेतलं. "यांचा कोन गेला गं?"

"कोणी नाही, काकी. दगड बघून रडतायत."

त्या खाली गेल्या आणि दुपारी प्रोफेसरांच्या ताटात तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबलाचं कालवण सगळ्यांपेक्षा दुप्पट वाढलं. मी म्हटलं, काकी, त्यांना तिखट सोसायचं नाही. तर म्हणाल्या, "राहू दे. दुख्खाच्या मानसाला पोटभर खायला घालावं."

प्रोफेसर पुन्हा रडले. या वेळी कारण सगळ्यांना कळलं.

*

आणि मग तो रविवार आला. शेठचा माणूस कागद घेऊन आला, त्याच्यामागे टेप घेतलेले दोघं. दादांनी आम्हालाही बोलावलं होतं. मी जीव मुठीत धरून वर चढले.

दादा म्हणाले, "सही करतो. पन आदी वाटनी."

शेठचा माणूस हसला. "अहो, टेकडी एकत्रच देणार ना?"

"देनार. पन आमच्या घरची रीत हाय. बापाचं काय बी असो, आदी तिघांत वाटायचं, मंग इकायचं. तांब्याचे हंडे वाटले, आंबा वाटला. हे बी वाटायचं."

"शेवटी खडीच होणार! कुठला खांब कुणाचा, काय फरक पडतो?"

"तुमाला नाय पडत," दादा म्हणाले.

खांब त्रेपन्न. मी स्वतः मोजून वहीत नंबर टाकले होते. सरांनी सवयीने मोठ्याने भागाकार केला, "सतरा, सतरा, सतरा. दोन उरले."

दादा एकेका खांबाला हात लावत निघाले. माझ्या वहीत नंबर होते, त्यांच्याकडे नावं होती. गावात पूर्वापार सांगतात, की एका लग्नाचं वऱ्हाड इथे दगड होऊन उभं राहिलं. "ही करवली, धर्माची. हा वाजंत्री, महेशचा. ही मावशी, माझी." सतरा-सतरा-सतरा झाले. मधोमध दोन उंच खांब राहिले.

नवरा आणि नवरी.

"नवरा माझा," महेश म्हणाला. "माझ्या लग्नात पयली हळद त्यालाच लावली."

"आन् माझ्या लग्नात काय कुंकू लावलं?" धर्मा भडकला. "मी मोठा तुज्यापेक्षा!"

"मंग नवरी घे!"

"नवरी एकटी घेऊन काय करू? जोडी फोडतोस?"

धर्माची बायको वर आली. महेशची आली. ओरडा ऐकून खालच्या आळीतले चुलते आले आणि म्हणाले, नवरा मुळात आजोबांच्या वाटणीत आमच्याकडे आलेला. दुपारपर्यंत नवऱ्याला अकरा मालक झाले. रफिकभाई माझ्या कानात म्हणाले, "बेटा, हे तर कोर्टात जाणार. माशाअल्ला!"

शेठच्या माणसाने कागद पिशवीत घातले. "तुमचं आपसात ठरलं, की फोन करा," म्हणाला आणि उतरून गेला. तो फोन अजून गेलेला नाही.

सगळे भांडत खाली गेले. मी आणि दादा मागे राहिलो. न राहवून विचारलं, "दादा, दोनच उरणार, आणि तेही हेच दोन, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

दादांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"मी चौथी नापास हाय, ताई. भागाकार सरांनी केला."