पहिल्या पाण्याचा मान

सारजाबाईला हळू बोलता येत नसे, आणि रिहे गावच्या पाटाचं त्यानं भलंच झालं.

एकोणसाठच्या पुरात नदीवरचा बंधारा मधोमध फुटला. तिथून पाटात वळणारं पाणी सरळ नदीनं निघून जाऊ लागलं. सारजाबाईचं खाचर पाटाच्या अगदी शेपटाला. भातानंतर तिथं गहू उभा राहायचा तो या पाण्यावर. पाणी नाही तर गहू नाही. इतकं सोपं होतं.

दुरुस्तीचा खर्च दोन हजार. अर्धे सरकार देणार, पण गावानं आपले हजार आठ दिवसांत भरले तरच. ओव्हरसियरनं हे देवळात सांगितलं आणि माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली. सात दिवसांत जमले चारशे बारा. पाटाच्या तोंडाशी मोठी जमीन असलेले हैबतराव आणि जयसिंग यांनी दिले दहा-दहा. नदी त्यांच्या बांधाला लागून. चर खणला की त्यांचं भागत होतं. शिवाय दोघांचं आपसात वाकडं. एकानं जास्त दिले तर दुसरा हसेल, ही भीती. शहाणी माणसं!

सातव्या दिवशी सारजाबाई देवळाच्या पायरीवर उभी राहिली.

"जत्रंत देवीच्या नारळाला बोली लावताय न्हवं? मग पाटाच्या पहिल्या पान्याचा लिलाव करा. जो जिंकंल त्यानं पूजा करायची आन् पाट सोडायचा. माझे पाच रुपये!"

"बाई पाट सोडनार?" हैबतराव फेटा सावरत म्हणाले. "पन्नास."

"साठ," मागून जयसिंग.

"तुमी कशाला, जयसिंगराव? तुमाला चर हाय की."

"तुमालाबी हाय की, दादा. शंभर!"

मग काय विचारता! देवळात जत्राच भरली. पोरं आकडे ओरडू लागली, पुजाऱ्यानं घंटा बडवली. हैबतराव तीनशे एक्कावन्नावर जाऊन थांबले आणि जयसिंगांचं तोंड एवढंसं झालं. लोक उठू लागले.

"बसा खाली!" सारजाबाई कडाडली. "दुसऱ्या पान्याचा मान ऱ्हायलाय. का जयसिंगरावांनी नुसतं बघत बसायचं?"

जयसिंगांनी एका दमात दोनशे चाळीस सांगितले. हिशेब झाला. हजार पुरे होऊन वर तीन रुपये उरले, त्याचा गूळ आणून तिथंच वाटला.

बंधारा बांधून झाला तेव्हा भातं कापून झाली होती. हैबतरावांनी वाजंत्री लावून पाट सोडला. दुसऱ्या दिवशी जयसिंगांनी वाजंत्री दुप्पट आणली. सारजाबाई दोन्हीकडे गेली नाही. ती फावडं घेऊन आपल्या खाचरापाशी पाटातला गाळ काढत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाटात काडीकचरा सरकू लागला, मागून गढूळ पाणी आलं आणि तिच्या पायाच्या बोटांना गार लागलं. ती एकटीच मोठ्यानं हसली.

फेटा बांधून हैबतराव बघायला आले आणि पाटातून खाचरात पाणी शिरायच्या दाऱ्यातच उभे राहिले. "पोचलं का, सारजाबाई, आमचं पानी?"

"पोचलं, पोचलं! आता तेवढं दारं सोडून बाजूला उभं ऱ्हावा. तुमच्या पायानं अडतंय."

हैबतराव गडबडीनं बाजूला झाले आणि पाणी भसकन आत शिरलं.