तेच नाव, दुसरी बोट

माझी नौदलातली बोट भंगारात गेली त्याला बरीच वर्षं झाली. संध्याकाळी तिचं निशाण शेवटचं उतरवलं तेव्हा मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो होतो. बायको गेली तेव्हा मात्र डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि डिचोलीतल्या बायकांनी ते बरोबर हेरलं. हेरू दे. कोणाकोणाला समजावत बसू?

नौदलात एक रीत आहे. बोट मोडीत निघते, पण नाव मोडीत काढत नाहीत. ते काही वर्षं तसंच राहतं आणि मग नव्या बोटीला देतात. माझ्या बोटीच्या आधीही त्याच नावाची एक होती. तिच्यावरचे म्हातारे आम्हाला भेटायला यायचे आणि आम्ही पाठीमागे त्यांची टर उडवायचो. यंदा तिसरी आली. वास्कोला लागली, जुन्या लोकांना बोलावणं आलं. आता टर उडवून घ्यायची पाळी माझी.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन. तो ऑस्ट्रेलियात असतो, नुकतीच मुलगी झालीय. म्हणाला, "बाबा, तिला आईचं नाव ठेवावं म्हणतोय. चालेल ना तुम्हाला?"

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर राग आला. मी स्वतः ते नाव कधी घेतलं नव्हतं. आमच्या वेळी बायकोला कोण नावाने हाक मारत होता! लग्नात बायकांनी नाव घ्यायला लावलं तेव्हाही मी ओठातल्या ओठात पुटपुटलो होतो. पुढे जन्मभर ‘गो’. मी ‘गो’ म्हटलं की स्वयंपाकघरातून ‘कितें?’ अशी ओ यायची, एवढ्यावर संसार झाला. आणि आता तिचं नाव भलत्याच मुलखात कोणीही घेणार? मला ते सहन होईना.

वास्कोला गेलो. पणजीला बस बदलताना दोनदा परत फिरावंसं वाटलं. बोट मोठी, चकचकीत. एक तरुण अधिकारी मुलगी आम्हाला फिरवत होती. पण पायांनी दगा दिला, जुनीच वाट धरली. ती उजवीकडे वळली आणि मी आपला डावीकडे, शिडीवरून खाली, आमच्या झोपायच्या जागेकडे. खाली बंद दार आणि आत यंत्रांची घरघर. पोरगी मागून धावत आली.

"काका, इकडे नाही! ते तुमच्या जुन्या बोटीवर असेल."

"असेल काय? होतंच!" मी खेकसलो. ती हसली. वाईट वाटेल असं नाही, पण हसली.

जेवताना तिला न्याहाळत बसलो. टोपीवर बोटीचं नाव. बोलताना दर वाक्यात तेच नाव. बाहेर भोंग्यावर तेच, पलीकडे फोनवर कोणी तेच सांगतोय. माझ्या बोटीचं त्यांना कोणालाच काही ठाऊक नव्हतं, वादळात तिचं इंजिन बंद पडलं होतं, तेसुद्धा नाही. पण नाव दिवसभर तोंडातोंडी होतं. माझ्या घरात मात्र बायको गेल्यापासून दोन वर्षांत तिचं नाव कोणी काढलं नव्हतं. काढणार कोण? मी एकटाच, आणि मी हा असा.

परतीच्या बसमधूनच मुलाला फोन केला. "ठेव तेच नाव," म्हटलं.

रविवारी सकाळी बारसं. मुलाने व्हिडिओ कॉल लावला. सून पाळण्याशी बसली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, कानात नाव सांगायला इथे आत्या कुठली? फोन बाळाच्या कानाशी धरतो. तुम्हीच सांगा."

भले! मी जनेल लावून घेतलं, उघड्या खिडकीतून शेजारी ऐकतील म्हणून. घसा साफ केला आणि नाव घेतलं. अख्खं, स्पष्ट. घेतलं आणि सवयीने स्वयंपाकघराकडे बघितलं. ‘कितें?’ आलं नाही. तेव्हा कुठे डोळ्यांना पाणी आलं.

"बाबा, नेट गेलं मध्येच, काही ऐकू आलं नाही," मुलगा म्हणाला. "परत सांगा."

मग मी जनेल उघडलं आणि डेकवरून हाक मारतात तसं मोठ्याने सांगितलं. या खेपेला स्वयंपाकघराकडे बघितलं नाही.