हिरवा रंग मीच लावला होता

मिस्त्रीनं मला अंदमानला का नेलं, हे विमान उतरलं तरी मला कळलं नव्हतं. उतरल्यावर संशय आणखीच वाढला.

जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये आम्ही दोघं होतो. तो भट्टीवरचा मिस्त्री, मी माल तपासणारा बाबू. त्याला मिलमधून काढलं त्याला आता तीस वर्षं होतील. त्यानंतर नवीन जालन्यात कधी समोर आलाच, तर ‘काय मिस्त्री’, ‘काय बाबू’ एवढं बोलून मी काढता पाय घ्यायचो. यंदा तो अचानक घरी आला. म्हणाला, “ज्येष्ठांची सहल चालली. माझ्या जोडीला कुणी न्हाई, तू चल.” हो म्हणालो, पण तो जिना उतरायच्या आत मनात आलं, मीच का?

विमानात त्यानं मला खिडकी दिली. खोलीत पंख्याखालचा पलंग दिला. ज्याचं आपण वाटोळं केलं, तो असा वागायला लागला की घास गिळवत नाही.

मी काय केलं होतं, ते आधी सांगतो. मिलमध्ये चांगल्या लोखंडी गजांच्या टोकांना हिरवा रंग लावायचा, बाद मालाला लाल. सकाळचा सगळा माल चहाच्या आत रंगवून मोकळं व्हायचं, ही आमची पद्धत. त्या दिवशी भट्टी जास्त तापून काही माल ठिसूळ झाला होता. मिस्त्री स्वतः येऊन मला म्हणाला, “बाबू, भिंतीकडचा ढीग बाद कर.” मी मान हलवली आणि चहाच्या घाईत दोन्ही ढिगांना हिरवा फासला. तो माल एका गावच्या शाळेच्या बांधकामावर गेला. वाकवताना गज कडाकडा मोडले. त्याआधी काही स्लॅबमध्ये गेले होते, तो स्लॅब पाडावा लागला. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, “मिस्त्रीनं मला काहीच सांगितलं नव्हतं.” मालक म्हणाला, पिऊन आला असेल. मिस्त्री दारूला शिवत नव्हता, हे मला माहीत होतं. मी टेबलाकडं बघत बसलो. त्याची नोकरी गेली, माझी राहिली.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राकाठचा बंकर दाखवायला नेलं. युद्धात जपान्यांनी बांधलेला, आता पाटी लावून जपलेला. आत शिरायला कमरेत वाकावं लागतं. समोर हातभर फट, तिच्यातून नुसता समुद्र. गाईड म्हणाला, इथून बंदूक रोखली की बाहेरच्याला आतला माणूस दिसत नसे. बेटावरच्या लोकांना वेठीला धरून हे बांधून घेतलं. मग बाकीचे फोटो काढायला नारळांखाली गेले. मिस्त्री हलला नाही. तो दारात, मी आत.

“बाबू, हे बघ.” दाराजवळ काँक्रीटचा कोपरा फुटून गंजलेला गज बाहेर आला होता. त्यानं त्यावर किल्ली वाजवली. “एवढी खारी हवा खाऊन अजून धरून राह्यला. तू याला हिरवा लावला असता का लाल?”

खरं तर सकाळी इडली खातानाही तो ‘हिला लाल लाव’ म्हणाला होता; मिलमधली ती नेहमीची थट्टा. पण दार अडवून कुणी थट्टा करतं का? म्हटलं, याला सगळं माहीत आहे. आणि बोलून गेलो, “मिस्त्री, भिंतीकडचा ढीग बाद कर म्हणून तू मला सांगितलं होतंस.”

तो हळूच दारातल्या पायरीवर बसला.

“सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतंस.”

“बराबर आठवतं तुला?”

“बिलकुल.”

“तीस वर्षं मी तेच आठवून राह्यलो बाबू. सांगितलं का न्हाई सांगितलं. चौकशीत तू न्हाई म्हणला, मंग मला वाटलं, मीच विसरलो असंल. हेच विचारायला आणलं तुला. जालन्यात तू दोन मिनिटं थांबत न्हाईस. इथून कुठं पळतो?”

मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाला, “ऊठ, डोकं आपटंल. मला सांगून काय होतं? माझ्या पोराला सांग. त्याच्या लग्नात मी पिऊ नये म्हणून त्यानं मामाला माझ्या शेजारी बसवलं होतं.”

परत आल्यावर त्याच्या घरी गेलो. मुलासमोर सगळं सांगितलं. मिस्त्री खाली मान घालून ऐकत होता. मुलानं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग म्हणाला, “काका, एक विचारू? तुम्ही असं बोलावं म्हणूनच आबांनी तुम्हाला फिरवून आणलं का?”

मिस्त्री उठून आत गेला.

मुलाचा मला राग आला नाही. मीही त्या बंकरपर्यंत असाच संशय घेत फिरलो होतो. म्हणून, या कामी मला कुणी भरीस पाडलेलं नसताना लिहून देतो: मिस्त्री प्यायलेला नव्हता. त्यानं मला सांगितलं होतं. हिरवा रंग मी लावला. याची एक प्रत त्याच्या मुलाच्या हातात मी स्वतः नेऊन देणार आहे, मिस्त्री घरात असताना.