आपलेच सर

बुद्धिबळाच्या वर्गाबाहेर बाकावर शेजारच्या सुनीताची मुलगी शर्वरी बसली होती. नऊ वर्षांची. सुनीता आणि मी तिथंच उभ्या होतो. वर्ग घेणारे सर येऊन शर्वरीच्या शेजारी बसले, तसं तिनं दप्तर उचलून दोघांच्या मध्ये ठेवलं. सुनीताला ओशाळल्यासारखं झालं. "असं काय गं, सर आपलेच आहेत," म्हणत तिनं ते दप्तर स्वतःकडे घेतलं.

मी घरी आले, पण शर्वरीनं आक्रसून घेतलेलं अंग डोळ्यांसमोरून हलेना. सर खरंच आपलेच होते. माझ्या सासूबाईंची औषधं आणून देणारे, सणाला हक्कानं जेवायला येणारे. मुलांच्या आधी त्यांनी आम्हा मोठ्यांनाच आपलंसं करून घेतलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

संध्याकाळी मी सुनीताला हे बोलून दाखवलं. तिनं शर्वरीला जवळ घेतलं. "सरांची भीती वाटते का गं तुला?"

शर्वरीनं आईच्या कुशीत तोंड लपवलं. मग म्हणाली, "ते नको तिथे हात लावतात. कुणाला सांगायचं नाही म्हणाले."

आम्ही तशाच पोलिसांत गेलो. सरांना अटक झाली. नंतर आणखी दोन मुलं बोलली. तरी सोसायटीत अजून कुणी ना कुणी म्हणतंच, "माणूस किती सज्जन वाटायचा."

मला मात्र शर्वरीचं उत्तर छळतं. "आधी का नाही सांगितलंस?" असं सुनीतानं रडत विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "सर म्हणाले, आई तुझं ऐकणार नाही. आणि तू ऐकत नव्हतीसच."